अख्खा बोर्ड लॅबला पाठवू नका: रोहस डिक्लेरेशनबद्दल थोडं सविस्तर

नमस्कार. तुमची अडचण मला समजली ती अशी. भोसरीत बावीस जणांचं युनिट आहे, तापमान नियंत्रकांचे बोर्ड भरून देता. जर्मनीतल्या नव्या ग्राहकाने पहिल्या ऑर्डरआधी रोहस (विजेच्या उपकरणांतल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा युरोपचा कायदा) आणि रीच (रसायनांबद्दलचा युरोपचा कायदा) अशी दोन डिक्लेरेशनं मागितली आहेत. लॅबने अख्ख्या बोर्डाच्या टेस्टिंगचं लाखावर कोटेशन दिलंय. तुम्ही विचारताय की टेस्ट करून घ्यावी का आणि जुनं वेव्ह सोल्डरिंग मशीन, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेणारं, काढून टाकावं लागेल का.

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर तुमचा पॉट, म्हणजे मशीनमधलं वितळलेल्या सोल्डरचं भांडं, कशाचा आहे त्यावर आहे. पण हे दोन्ही प्रश्न जरा बाजूला ठेवू, कारण खरा प्रश्न तिसराच आहे: तुमच्या बोर्डावर आणि बोर्डाभोवती जे काही लागतं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तुम्ही सही करून काय सांगू शकता? मी या धंद्यात सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्वालिटीत. रोहसमध्ये अडकलेला माल मी जितका पाहिला, त्यात आयसीमुळे अडकलेला एकही आठवत नाही. अडकतं ते स्क्रू, स्लीव्ह, वायर, ब्रॅकेट, लेबल असल्या फुटकळ सामानात, ज्याला स्टोअरमध्ये धड पार्ट नंबरही नसतो.

आधी कायदा नेमका काय म्हणतो ते बघू. युरोपचं पहिलं रोहस १ जुलै २००६ पासून लागू झालं, तेव्हा सहा पदार्थ होते: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि पीबीबी, पीबीडीई ही दोन ब्रोमीनवाली अग्निरोधकं. २०११ साली नवा निर्देश आला, २०११/६५, त्याने रोहसला सीई मार्किंगशी, म्हणजे माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणाऱ्या उत्पादकाच्या खुणेशी, जोडलं. मग २०१५/८६३ या दुरुस्तीने चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) वाढवले: डीईएचपी, बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी. बहुतेक मालाला ते २२ जुलै २०१९ पासून लागू झाले. वैद्यकीय उपकरणं आणि तुमच्यासारखी मोजमाप-नियंत्रणाची उपकरणं यांना २२ जुलै २०२१ पासून. म्हणजे आज तुमच्या बोर्डाला दहाच्या दहा पदार्थ लागू आहेत. कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्का, बाकी सगळ्यांची ०.१ टक्का.

आता कळीचा मुद्दा. ही टक्केवारी बोर्डाच्या वजनाची नाही, घटकाच्या वजनाचीही नाही. ती एकसंध पदार्थाच्या वजनाची आहे. एकसंध म्हणजे स्क्रू खोलून, कापून, ठेचून, दळून, घासून, कुठल्याही यांत्रिक उपायाने आणखी वेगळा काढता येणार नाही असा. साधी वायर घ्या. आतलं तांबं एक पदार्थ, त्यावरचं कल्हईसारखं टिनचं अस्तर दुसरा, बाहेरचं पीव्हीसी तिसरा, पीव्हीसीवर छपाई असेल तर ती शाई चौथा. चौघांनी आपापली परीक्षा स्वतंत्रपणे पास व्हायची.

म्हणून अख्खा बोर्ड दळून टेस्ट करणं व्यर्थ आहे. हिशोब करून पाहा. पाचशे ग्रॅमची असेंब्ली आहे, तीत दोन ग्रॅमची पीव्हीसी स्लीव्ह, आणि त्या स्लीव्हमध्ये दहा टक्के डीईएचपी. म्हणजे ०.२ ग्रॅम. सगळं एकत्र दळलं तर येतात ०.०४ टक्के, रिपोर्टवर ‘पास’. प्रत्यक्षात ती स्लीव्ह मर्यादेच्या शंभरपट बाहेर आहे. उलटही होतं. चिप रेझिस्टर अख्खा दळला तर शिसं दिसेल, कारण आतल्या काचेच्या थरात ते असतं. पण काचेतल्या आणि सिरॅमिकमधल्या शिशाला रोहसमध्ये सवलत आहे, त्यामुळे चांगला माल ‘फेल’ दिसतो. जी लॅब हे न सांगता अख्ख्या बोर्डाचं कोटेशन देते, तिला पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

टेस्टिंग अजिबात नको असं म्हणत नाही. पण ते शेवटी आणि नेमक्या ठिकाणी. रोहसचं टेक्निकल डॉक्युमेंटेशन कसं असावं याचं मानक आहे, आयईसी ६३०००. त्याचा गाभा असा: प्रत्येक मटेरियलमध्ये बंदीचा पदार्थ असण्याची शक्यता किती, आणि देणारा व्हेंडर कितपत भरवशाचा, हे दोन्ही बघून ठरवा की कागद किती आणि कुठला हवा. नावाजलेल्या कंपनीचा मायक्रोकंट्रोलर अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून घेतलात, तर तिच्या साइटवरचं मटेरियल डिक्लेरेशन उतरवून फाइलला लावा, झालं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून मीटरवर घेतलेली, लेबल नसलेली काळी स्लीव्ह असेल तर तिथे टेस्टिंगला पैसे घाला. किंवा ती स्लीव्हच बदला, ते स्वस्त पडतं.

आमच्याकडे घडलेलं सांगतो. आमच्या एका कंट्रोल पॅनेलला दोन शीट-मेटल ब्रॅकेट लागायचे. ड्रॉइंगवर फक्त ‘झिंक प्लेटेड’ एवढंच लिहिलेलं, वर्षानुवर्षं तेच. प्लेटिंगवाला कधी निळसर पॅसिव्हेशन (झिंकवरचा गंजरोधक पातळ थर) करून द्यायचा, कधी सोनेरी पिवळं. दिसायला पिवळं छान, गंजही कमी धरतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. युरोपच्या ग्राहकाच्या माणसाने फॅक्टरी बघताना ते पिवळे ब्रॅकेट उचलले, काही न बोलता खिशात टाकले. तीन आठवड्यांनी ईमेल आलं: हेक्साव्हॅलंट क्रोमियम. मग आम्ही इथे स्वतः करून बघितलं. ब्रॅकेट पाण्यात उकळलं, त्या पाण्यात डायफेनिल कार्बाझाइड टाकलं आणि बीकरमधलं पाणी डोळ्यांदेखत गुलाबी-जांभळं झालं. साठ पॅनेल उघडून ब्रॅकेट बदलले. तेव्हापासून ड्रॉइंगवर ‘ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन, हेक्साव्हॅलंट क्रोमियम चालणार नाही’ असं लिहिलेलं असतं (ट्रायव्हॅलंट म्हणजे क्रोमियमचा बंदी नसलेला प्रकार) आणि प्लेटिंगवाल्याचं प्रत्येक बॅचचं पत्र इनवर्डला लागतं. जाता जाता, या थराचं वजन काढणं जवळजवळ अशक्य, इतका तो पातळ असतो. म्हणून चाचणीचा निकाल टक्क्यांत नाही, पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर देतात. लॅबने टक्केवारीत आकडा दिला तर विचारा की कसा काढला.

आणि एक गोष्ट. रंग हा पुरावा नाही. ट्रायव्हॅलंटमध्येही हल्ली पिवळी छटा मिळते. पिवळं दिसलं की विचारायचं, एवढंच.

आता तुमचं मशीन. जुनं ६३/३७ सोल्डर, म्हणजे ६३ टक्के टिन आणि ३७ टक्के शिसं, १८३ अंशाला वितळायचं. लेड-फ्रीमध्ये सर्वांत जास्त चालणारं सॅक ३०५, म्हणजे ९६.५ टक्के टिन, ३ टक्के चांदी, ०.५ टक्का तांबं, वितळतं २१७ ते २२० अंशांना. म्हणजे पॉट, प्रीहीट, प्रोफाइल सगळं वर जातं. त्यात इतकं टिन असतं की साध्या स्टेनलेस स्टीलचा पॉट आणि इंपेलर ते हळूहळू खाऊन टाकतं. म्हणून मशीनवाल्याला एकच प्रश्न विचारा: पॉट, नोझल आणि इंपेलर लेड-फ्रीसाठी चालणाऱ्या धातूचे किंवा कोटिंगचे आहेत का? असतील तर पॉट रिकामा करा, शुद्ध टिनने धुवा, नवं सोल्डर भरा, आणि पहिला बोर्ड काढण्याआधी पॉटच्या सोल्डरचं ॲनालिसिस करून घ्या. ही टेस्ट मात्र कधीच टाळू नका. नसतील, तर सध्या वेव्हचं काम लेड-फ्री लाइन असलेल्या कुणाकडे जॉबवर्कला द्या. तुमच्या व्हॉल्यूमला कदाचित तेच परवडेल. बोर्डवर थ्रू-होल (भोकातून पाय घालून बसवायचे घटक) किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून यापेक्षा ठाम सांगत नाही.

जुनं काम आणि नवं काम एकाच पॉटवर आलटूनपालटून करायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. दोनशे किलोच्या लेड-फ्री पॉटमध्ये कुणी चुकून ६३/३७ ची एक किलोची कांडी टाकली, तर ३७० ग्रॅम शिसं गेलं, म्हणजे साधारण ०.१८ टक्के. एका कांडीने अख्खा पॉट मर्यादेबाहेर. दोन्ही कांड्या दिसायला सारख्याच, चंदेरी. म्हणून आमच्याकडे लेड-फ्रीच्या कांड्या वेगळ्या खोलीत कुलपात असायच्या आणि किल्ली एकाच माणसाकडे.

पण खरं सांगायचं तर पॉटपेक्षा मला टच-अपचं, म्हणजे हाताने जॉइंट दुरुस्त करायचं, टेबल जास्त धोक्याचं वाटतं. लेड-फ्री केल्यावर पहिल्या महिन्यात आमच्याकडे टच-अप अचानक तिप्पट झालं. कारण शोधलं तर जॉइंट चांगलेच होते. सॅकचा जॉइंट जरा मळकट, दाणेदार दिसतो; आमच्या इन्स्पेक्शनच्या ताई पंधरा वर्षं चकाकणारा जॉइंट म्हणजे चांगला जॉइंट हे शिकलेल्या. त्या बाजूला काढायच्या आणि टच-अपवाली पुन्हा गरम करायची. त्यापुढचं आणखी वाईट. एक दिवस तिच्या खणात जुन्या ६०/४० म्हणजे शिशाच्या सोल्डर वायरचं अर्धं रीळ सापडलं. विचारलं तर म्हणाली, ‘सर, नवीन वायर नीट पळत नाही ना, अवघड ठिकाणी हीच वापरते.’ तिचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या महिन्यात गेलेल्या मालापैकी कुठल्या बोर्डावर तिने ते वापरलं, हे आम्हाला आजही माहीत नाही. लाइन बदलण्याआधी माणसांना दोन दिवस बसवून चांगल्या-वाईट जॉइंटचे फोटो दाखवा, जुनी वायर मोजून परत घ्या, सोल्डरिंग आयर्नच्या टिपाही नव्या द्या.

इथवरचं थोडक्यात असं: मर्यादा प्रत्येक एकसंध पदार्थाला आहे, म्हणून काम बीओएमच्या (लागणाऱ्या सगळ्या सुट्या भागांच्या यादीच्या) प्रत्येक ओळीवर करायचं. धोका कुठे जास्त ते आधी ठरवायचं. प्रक्रियेत शिसं परत घुसणार नाही याची तजवीज करायची. टेस्टिंग शंका असेल तिथेच.

बीओएमच्या प्रत्येक ओळीला कागद गोळा करताना दोन सापळे आहेत. एक, जुनी सर्टिफिकेटं. व्हेंडर २०१२ चं सर्टिफिकेट पाठवतो, त्यावर ‘रोहस कॉम्प्लायंट’ मोठ्या अक्षरात असतं, पण पदार्थ सहाच. २०१५/८६३ चा उल्लेख किंवा चार थॅलेटची नावं नसतील तर ते तुमच्या कामाचं नाही. केबल, स्लीव्ह, रबर, चिकटपट्टी, पीव्हीसी टर्मिनल कव्हर यांच्याबाबत तर अजिबातच नाही, कारण थॅलेट सापडतात ते नेमके तिथेच. शिवाय ते तेलकट असतात, मऊ पीव्हीसीला टेकून ठेवलेल्या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये सरकतात. स्टोअरमध्ये जुनी-नवी स्लीव्ह एकाच खोक्यात कोंबू नका.

दुसरा सापळा म्हणजे ‘रोहस’ आणि ‘लेड-फ्री’ हे एकच समजणं. काही पॉवर डिव्हाइसच्या आत चिप चिकटवायला ८५ टक्क्यांहून जास्त शिशाचं सोल्डर असतं. त्याला सवलत आहे, म्हणून तो घटक रोहसमध्ये बसतो, पण लेड-फ्री नाही. पितळी स्टँड-ऑफचंही (बोर्ड उचलून धरणाऱ्या छोट्या खांबाचंही) तसंच: तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिशाला सवलत. या सवलतींना मुदत असते, अधूनमधून त्यांचा फेरविचार होतो आणि शब्दरचना बदलते. म्हणून डिक्लेरेशनमध्ये कुठला भाग कुठल्या सवलतीवर टेकलाय हे क्रमांकासह लिहा. ‘सर्व काही लेड-फ्री’ असं कधीही लिहू नका, ग्राहकाच्या फॉर्ममध्ये तयार वाक्य असलं तरी. मी ते खोडून दुरुस्त वाक्य लिहून सही करतो. आजवर एकाही ग्राहकाने त्यावरून ऑर्डर रद्द केलेली नाही; उलट एकाने फोन करून विचारलं की हे तुमच्याकडे कोण बघतं.

एक्सआरएफ गनबद्दलही (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) तुम्ही विचारलंय. उपयोगी आहे, पण तिला मूलद्रव्यं दिसतात, संयुगं नाही. क्रोमियम दिसलं तर ते हेक्साव्हॅलंट आहे की स्टेनलेसमधलं साधं, हे तिला कळत नाही. ब्रोमीन दिसलं तर ते बंदीचंच असेल असं नाही. नेहमीच्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डात ब्रोमीन असतंच आणि त्यावर रोहसची बंदी नाही. थॅलेट तर तिला दिसतच नाहीत. शिसं आणि कॅडमियमच्या चाळणीसाठी भाड्याने आणा, विकत घ्यायची गरज नाही.

आता रीच, ज्यावर बहुतेक जण घसरतात. रोहस बंदी घालतं, रीचचा तुमच्यासाठीचा मुख्य भाग माहिती मागतो. चिंताजनक पदार्थांच्या यादीतला पदार्थ वस्तूत ०.१ टक्क्याहून जास्त असेल तर साखळीतल्या पुढच्या ग्राहकाला कळवायचं, आणि सामान्य ग्राहकाने विचारलं तर ४५ दिवसांत उत्तर द्यायचं. यादीत दोनशेहून जास्त नावं आहेत आणि ती वाढत राहते. इथे टक्केवारी एकसंध पदार्थाची नाही, वस्तूची. पण ‘वस्तू’ म्हणजे तुमचा अख्खा बोर्ड का? युरोपच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये स्पष्ट केलं की मोठ्या वस्तूत बसवलेली छोटी वस्तूही वस्तूच राहते. म्हणजे पितळी स्टँड-ऑफ स्वतंत्रपणे मोजायचा. आणि शिसं जून २०१८ पासून त्या यादीत आहे. तीन टक्के शिशाचा तो स्टँड-ऑफ सवलतीमुळे रोहसमध्ये पास, पण रीचमध्ये कळवावाच लागेल. लोक एका सहीत ‘रोहस पास’ आणि दुसऱ्या सहीत ‘चिंताजनक पदार्थ नाहीत’ लिहून मोकळे होतात. दुसरं साफ खोटं ठरतं. २०२१ च्या जानेवारीपासून तुमच्या ग्राहकाला ही माहिती स्किप नावाच्या युरोपीय डेटाबेसमध्ये भरावी लागते, म्हणून तो इतका मागे लागलाय. त्याला त्रास द्यायची हौस नाही.

सीईचं डिक्लेरेशन मात्र तुम्ही द्यायचं नाही, असं मला वाटतं. बोर्ड त्यांच्या डिझाइनचा, त्यांच्या नावाच्या उपकरणात जाणार, मग कायद्याच्या भाषेत उत्पादक ते. ती कागदपत्रं दहा वर्षं जपायची जबाबदारीही त्यांची. तुम्ही द्यायचं ते तुमच्या पुरवठ्याचं मटेरियल डिक्लेरेशन. तुमच्या नावाने तयार नियंत्रक जात असेल तर मात्र चित्र पूर्ण बदलतं, तेव्हा आधी ऑर्डरच्या अटी वाचा. एक गोष्ट अशीही ऐकायला येते की मोठ्या स्थिर औद्योगिक यंत्रांना रोहस लागू नाही. खरं आहे, पण ते ठरवायचं यंत्र बनवणाऱ्याने. तुम्ही त्या आधारावर शिशाचं सोल्डर वापरायला जाऊ नका.

आपल्याकडचंही सांगतो, कारण नाशिकच्या ग्राहकांना माल देता असं लिहिलंय. भारतात ई-कचरा नियमांमधून पहिल्या सहा पदार्थांवर त्याच मर्यादा २०१४ पासून आहेत, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या २०२२ च्या नियमांत यादीतली उपकरणं बरीच वाढली. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत. पण उद्यम प्रमाणपत्रावर सूक्ष्म लिहिलंय म्हणून जर्मनीचा ग्राहक सोडणार नाही, आणि नाशिकचा ग्राहक सूक्ष्म नसेल तर तोही उद्या हाच फॉर्म पाठवेल. दोन बीओएम सांभाळण्यापेक्षा एकच स्वच्छ बीओएम ठेवणं मला सोपं गेलं.

‘एवढ्याशा वायरीसाठी कोण माल अडवतं’ असं तुमच्या पार्टनरचं म्हणणं तुम्ही लिहिलंय. त्यांना २००१ ची गोष्ट सांगा. नाताळाच्या तोंडावर नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनीचे तेरा लाख प्लेस्टेशन वन अडवले. कारण केबलमधलं कॅडमियम. तेव्हा रोहस लागूही नव्हतं, तो त्यांच्या देशाचा वेगळा कायदा होता. अडवला गेला तो गेम कन्सोल, कारणीभूत ठरली वायर.

या आठवड्यात ग्राहकाला एवढंच कळवा: कागद गोळा करायला चार आठवडे लागतील, कुठल्या स्वरूपात डिक्लेरेशन हवंय, आयपीसी १७५२ (मटेरियल डिक्लेरेशनचा ठरलेला नमुना) चालेल का, आणि त्यांनी नेमून दिलेले पार्ट कुठले. नेमून दिलेल्या पार्टची माहिती त्यांच्याकडूनच मागा, तो तुमचा हक्क आहे. खरेदीवाल्याला लेखी सांगा की तुटवडा पडला तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पर्यायी कपॅसिटर आणायचा तर आधी क्वालिटीची सही. मग बीओएमची प्रिंट घेऊन स्टोअरमध्ये जा आणि ज्या ओळींना मेकचं नाव नाही त्यांवर लाल खूण करा. माझा अंदाज, वीसेक निघतील. त्या ओळी इथे टाकल्यात तर कुणाकडून काय मागायचं आणि कशाची टेस्ट करायची ते एकेक करून सांगतो.